मांडवी ते गोवंडी : साथीने आखलेली मुंबई

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण गेटवे, राणीचा हार आणि हुतात्मा चौक दाखवतो. या शहराचा आणखी एक नकाशा आहे आणि तो लोकलच्या तिकिटावर एका दिवसात पाहून होतो. मस्जिद, धोबीतलाव, सातरस्ता, परळ, दादर-माटुंगा आणि शेवटी गोवंडी असा तो मार्ग. पर्यटकांच्या यादीत यातलं फारसं काही नसतं. पण या शहरातले रस्ते रुंद का झाले, चाळी कोणी बांधल्या, दादरच्या पुढे वस्ती केव्हा गेली, या प्रश्नांची उत्तरं याच वाटेवर आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी १८९६ सालचा प्लेग आहे.

कोविडच्या काळात सील झालेल्या इमारतीत राहिल्यावर मला या वाटेची ओढ लागली. दारावर पालिकेचा कागद चिकटला आणि ज्या पत्त्यावर आम्ही वर्षानुवर्षं राहत होतो, तो पत्ता सांगताना आवाज खाली जाऊ लागला. वाणी सामान फाटकाबाहेर ठेवून निघून जायचा. घर तेच, जिना तोच. आजूबाजूच्यांच्या लेखी मात्र ती जागाच आजारी ठरली होती. असं याआधी कुठे कुठे झालं असेल, हे पाहायला बाहेर पडलो.

सुरुवात मांडवीपासून. मस्जिद स्टेशनला पश्चिमेकडे उतरून युसुफ मेहेरअली रोड ओलांडला की नरसी नाथा स्ट्रीट आणि भोवतालच्या गल्ल्या लागतात. रविवारी येऊ नका, बाजार बंद असतो. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला या, म्हणजे अंगावर येणारी मांडवी दिसेल. सुका मेवा, मसाले, खारीक, सुपारी. पाठीवर पोती घेऊन निघालेले माथाडी ‘बाजू, बाजू’ करत जातात आणि आपण भिंतीला चिकटून उभे राहतो. वर पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते. खाली दुकान, मागे गोदाम, वर माणसं.

सव्वाशे वर्षांपूर्वीही रचना हीच होती, फक्त दाटी जास्त आणि मालात धान्य भरपूर. बंदर हाकेच्या अंतरावर. जहाजातून उतरलेली पोती इथल्या गोदामात आणि गोदामाच्या डोक्यावर भाडेकरू. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. तिथेच अलेक्झांडर येर्सां या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्ये जहाजांची नित्याची ये-जा होती. धान्य होतं म्हणून उंदीर होते आणि उंदरांच्या अंगावर पिसवा होत्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये याच भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना काखेत-जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसले आणि हा प्लेग आहे, असं त्यांनी उघड सांगितलं. व्हिएगस मूळ गोव्यातल्या हडफडेचे, मुंबई महापालिकेचे सदस्य. व्यापाराच्या शहरात असं बोलणं सोपं नव्हतं. मांडवीचं नाव प्लेगशी जोडलं गेलं की मांडवीचा माल कोण घेणार? पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. सिग्नलला थांबलेल्या गर्दीतल्या कोणाचीही नजर तिकडे वळत नाही.

एका दुकानातल्या वयस्क मेहताजींना मी प्लेगबद्दल विचारलं. वेलदोड्याचे दाणे नखाने सोलून बघत ते म्हणाले, ‘‘आजोबा सांगायचे, पेढी बंद करून सगळे कच्छला गेले होते. कोविडमध्ये आम्ही पण तेच केलं, घाटकोपरला बसून राहिलो. माल इथेच होता.’’ मग जरा थांबून, ‘‘उंदरांची चैन झाली असणार.’’

मेहताजींचे आजोबा एकटे नव्हते. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत खाली आली, ती मृत्यूमुळे आणि पळापळीमुळे. गिरणगावातले रत्नागिरीकडचे कामगार बोटींनी गावी गेले, कोणी घाटावर गेले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गेला. मग गावांनीही गाव सोडलं. घरं मोकळी टाकून माळावर, शेतात झोपड्या बांधून महिनोन्महिने राहायचं, हा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांचा त्या वर्षांतला रिवाज झाला. घर धोक्याचं आणि रान सुरक्षित, असा सगळा हिशोब उलटा झाला.

२०२० मध्ये हा उलटा हिशोब आमच्या कोकणाने पुन्हा मांडला. संकट आलं की गावी जायचं, ही मुंबईच्या चाकरमान्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. त्या वर्षी मात्र गावाच्या वेशीवर बांबू आडवे पडले. गणपतीला येणार असाल तर आधी या आणि दहा दिवस क्वारंटाइन व्हा, असं फर्मान निघालं. ज्या शाळेत बाराखडी शिकलो त्याच शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपलेले चाकरमानी मला ठाऊक आहेत. गाववाल्यांचं चुकलं असं म्हणवत नाही; जवळचं मोठं इस्पितळ तास-दोन तासांवर. पण ‘गाव आहे पाठीशी’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीसारखं बोललं गेलं नाही.

मांडवीतून क्रॉफर्ड मार्केटकडून चालत लोहार चाळीवरून प्रिन्सेस स्ट्रीटवर यावं. पाटीवर शामळदास गांधी मार्ग. अंतर थोडं आहे, फरक मोठा. रस्ता एकदम सरळ, रुंद आणि समुद्राच्या दिशेने उघडा. हा रस्ता प्लेगचं थेट अपत्य आहे. १८९८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत खास कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडायच्या, समुद्राचा वारा आत आणायचा, नवे रस्ते कापायचे आणि उत्तरेला नव्या वसाहती वसवायच्या, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि महंमद अली रोड ही सगळी ट्रस्टची कापाकापी. नकाशावर हे रस्ते जुन्या मुंबईच्या गुंतवळीतून पट्टीने ओढल्यासारखे दिसतात.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या मते रोग जागेत होता. ओल, अंधार, कोंडलेली हवा आणि मळ यांतून तो उपजतो, म्हणून उपचार माणसाइतकाच घरावर करायचा. पथकं घरांत शिरत, सामान बाहेर काढून जाळत, भिंतींना चुना फासत, छपराची कौलं काढून आत ऊन पाडत. दारांवर रोग्यांच्या नोंदीची वर्तुळं आणि तारखा रंगवल्या जात. काही घरांवर ‘यूएचएच’ अशी तीन अक्षरं येत. माणसांच्या वस्तीला अयोग्य, हा त्यांचा अर्थ. आत राहणाऱ्याला मत विचारायची पद्धत नव्हती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि या सगळ्याला कायद्याचं बळ मिळालं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी जो लागू केला, तो हाच कायदा.

निदान मात्र चुकलेलं होतं. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो हे दाखवलं. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर रस्त्यांच्या योजना आखून झाल्या होत्या. हवेचा दोष नव्हता, तरी हवेसाठी शहर कापलं गेलं. आज प्रिन्सेस स्ट्रीटवर औषधांचा आणि वैद्यकीय उपकरणांचा मोठा घाऊक बाजार आहे. कोविडच्या पहिल्या महिन्यांत मास्क आणि ऑक्सिमीटरसाठी अख्खी मुंबई इथे फोन लावत होती.

इथून सातरस्त्याला टॅक्सी बरी. चिंचपोकळी स्टेशनवरून चालतही येता येतं. आर्थर रोडवरचं म्हणजे आताच्या साने गुरुजी मार्गावरचं कस्तुरबा रुग्णालय साथीच्या रोगांसाठीच बांधलेलं आहे. प्लेग आला तेव्हा ते जेमतेम चार वर्षांचं होतं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्यावर हल्ला केला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. दुसऱ्या जातीच्या हातचं पाणी, बाईमाणसाला परक्या पुरुषाने तपासणं, मेल्यावर क्रियाकर्म होईल की नाही याची धास्ती, असं सगळं त्या रागात होतं. पुढे तोड निघाली ती अगदी आपल्या समाजाला शोभेल अशी. जातीजमातींनी आपापली स्वतंत्र प्लेग-इस्पितळं उघडली.

मार्च २०२० मध्ये मुंबईतल्या सुरुवातीच्या कोविड रुग्णांना याच कस्तुरबात आणलं गेलं. फाटकासमोरच्या चहावाल्याने त्या दिवसांचं वर्णन थोडक्यात केलं, ‘‘बस इथे थांबायची नाही, साहेब. पुढे जाऊन थांबायची.’’ सव्वाशे वर्षांत जंतू ओळखायची विद्या किती पुढे गेली! इस्पितळाच्या फाटकाविषयीची धास्ती आहे तिथेच आहे.

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. आत जायला परवानगी काढावी लागते, पण जुनी वास्तू पाहण्यासाठी ती खटपट करावी. मूळचा पोर्तुगीज काळातला मठ, मग मुंबईच्या गव्हर्नरांचं निवासस्थान. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा इथे कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि पुढे काही वर्षांत गव्हर्नरांनी मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला हलवला. गव्हर्नरसाहेबांनाही जागेची भीती वाटली तर! फरक इतकाच की त्यांना जायला मलबार टेकडीचं टोक होतं.

याच सोडलेल्या घरात १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. ओडेसात जन्मलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या साध्या सोयींवर काही महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. भारतात प्लेगने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली; या लसीने वाचलेल्यांची गणतीही मोठी आहे. १९२५ पासून संस्थेला त्यांचं नाव आहे. परळमध्ये ‘हाफकिन’ हे रोजच्या बोलण्यातलं नाव आहे. ओडेसा कुठे आणि परळ कुठे!

परळमध्येच दामोदर हॉलजवळ, पोयबावडीला, ट्रस्टची चाळ आहे. ट्रस्टने घरं पाडली तशी गरिबांसाठी चाळीही बांधल्या, नागपाड्यात, आग्रीपाड्यात आणि इथे. पाडलेल्यांच्या मानाने बांधलेल्या कमी पडल्या, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि तिथली दाटी वाढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच पोयबावडीच्या चाळीत जवळपास दोन दशकं राहिले. एक खोली संसाराची, दुसरी अभ्यासाची. नंतर १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृह’ या, ग्रंथसंग्रहासाठी मुद्दाम बांधलेल्या घरात गेले. ट्रस्टच्या चाळीतून ट्रस्टच्याच वसाहतीत. प्लेगनंतरच्या मुंबईत वर चढण्याचा हाच रस्ता होता. तो फार थोड्यांना चढता आला.

चाळीच्या गॅलरीत बसलेल्या एका आजींशी बोललो. कोविडमध्ये मजला बंद होता का, असं विचारलं. ‘‘मजला कसा बंद होणार, बाळा? संडास कॉमन, नळ कॉमन. आम्ही नंबर लावले. एकाने जाऊन आल्यावर दुसऱ्याने. टॉवरवाल्यांना घरात बसा म्हणणं ठीक आहे, आमचं अर्धं घर गॅलरीत असतं.’’ धारावीत हाच प्रश्न हजारपटीने होता. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा साऱ्या जगाने श्वास रोखला, आणि पालिकेचे कर्मचारी, खासगी डॉक्टर व वस्तीतल्या पोरांनी घरोघरी तपासणी करून साथ आटोक्यात आणली तेव्हा त्याच जगाने कौतुकही केलं. वरळी कोळीवाडा त्याच्याही आधी, मार्चअखेरीस सील झाला होता. पुढे टॉवरही सील झाले. पण साथीचं नाव घेतल्यावर लोकांच्या तोंडी धारावी आणि कोळीवाडा येतात; टॉवरचं नाव कोणाला आठवत नाही.

परळहून दादर. पूर्वेला उतरून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि पुढे फाइव्ह गार्डन्स असं चालत माटुंग्याला जावं. हा या वाटेवरचा सगळ्यात सुखाचा टप्पा. पदपथावर सावली, इमारती बेताच्या उंचीच्या, प्रत्येकीभोवती मोकळी जागा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे भातशेती आणि दलदल होती, गिरगावकराला हे गावाबाहेर वाटायचं. ट्रस्टने जमीन घेतली, रस्ते आणि गटारं आधी आणि इमारती मागाहून, अशा शिस्तीत काम चाललं. ट्रस्टमधलेच अभियंते मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारश्यांसाठी भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. हिंदू कॉलनीत मराठी पांढरपेशे आले, माटुंग्यात दक्षिणेकडचे. मोकळी हवा सगळ्यांना हवी होती, शेजार मात्र आपापला. प्लेग-इस्पितळांतली विभागणी इथे दगडविटांत पक्की झाली.

या वसाहतींमागे एक साधं गणित आहे. १९१० च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. तळमजल्याच्या खिडकीपासून आकाशाकडे या कोनात रेघ ओढली तर समोरची इमारत आड येता कामा नये. याचा व्यवहारातला अर्थ असा की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मधे मोकळं हवं. पारशी कॉलनीतल्या कुठल्याही पदपथावर उभं राहून हात तिरका वर करा, बोटाच्या टोकाला आकाश असतं. मांडवीत तोच हात गॅलरीतल्या वाळत घातलेल्या लुगड्याला लागतो.

माटुंग्यात कॅफे मद्रास किंवा रामाश्रयला इडली खाऊन बहुतेक लोक इथून परततात. मी किंग्ज सर्कलला हार्बरची गाडी धरली, वडाळ्याला बदलून गोवंडीला उतरलो.

गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेली माणसं राहतात. सात-आठ मजल्यांच्या इमारतींच्या रांगा आणि दोन रांगांमध्ये जेमतेम तीन मीटर. दुपारी दोन वाजता तळमजल्याच्या घरात ट्यूबलाइट चालू होती. खिडकीला पत्रा ठोकलेला, कारण वरून कचरा पडतो. ऑरसाहेबांच्या हिशोबाने इथे मध्ये दहा-बारा मीटर जागा लागली असती. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर या भागातल्या पुनर्वसन वसाहती तपासल्या. उजेड आणि वारा कमी मिळणाऱ्या घरांत क्षयरोगाचा धोका जास्त असल्याचं २०१८ मध्ये पुढे आलेल्या त्या पाहणीत दिसलं. घर कुठे आहे असं विचारलं की इथली पोरं ‘चेंबूर’ सांगतात. गोवंडी म्हटलं की नोकरी देणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

साथ गेली तरी जागेवर बसलेला शिक्का जात नाही, आणि तो पुसून घ्यायला पैसा लागतो. मांडवीच्या व्यापाऱ्याकडे तो होता, म्हणून आज मांडवी म्हटलं की लोकांना बदाम आठवतात. कोविडसाठी मैदानांवर उभारलेली जंबो केंद्रं उतरवली गेली, दारांवरचे कागद निघाले. त्या साथीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखं काही या शहराने कापलं नाही की बांधलं नाही. आणि हवेचा संबंध नसलेल्या पिसवांच्या रोगासाठी ज्या मुंबईने दोन इमारतींत ऐसपैस अंतर सोडलं, त्याच मुंबईने हवेतूनच पसरणाऱ्या क्षयाची सगळी माहिती हाताशी असताना गोवंडीत तीन मीटरवर भागवलं.